पहिल्याच दिवशी वेगळं बिल

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर आमचा विषय वाचून दोघातिघा ज्येष्ठांनी आम्हाला दारातच गाठलं. "हे डीएलसी काय प्रकरण आहे? विम्याचं काही आहे का?" विम्याचं नाही. डीएलसी म्हणजे डाउनलोडेबल कन्टेन्ट. व्हिडिओ गेम विकत घेतला की त्यात वरून भर घालता येते. एखादं नवं पात्र, नवी मोहीम, नवा नकाशा, नाहीतर नुसता पोशाख. या भरीचे पैसे वेगळे. गेम येऊन वर्ष उलटल्यावर अशी भर आली तर कुणाची हरकत नसते, उलट पोरं तिची वाट बघतात. भांडण आहे ते गेम ज्या दिवशी बाजारात येतो त्याच दिवशी ही भर त्याच्या शेजारी मांडून वेगळ्या किमतीला विकण्याचं. ते न्याय्य आहे का, एवढाच आजचा प्रश्न.

आम्ही यावर बोलायचं कारण काय? आम्ही राज्य शासनाच्या लोकनिर्माण विभागात उपयंत्री, शिक्षण पॉलिटेक्निकचा स्थापत्यचा डिप्लोमा. गेमशी संबंध घरातल्या पोरांमुळे, आणि खरं सांगायचं तर पोरं झोपल्यावर आमचाही. पण 'वेगळं बिल' हा विषय मात्र शुद्ध नोकरीतला. वीस वर्षं ठेकेदारांची एक्स्ट्रा आयटमची बिलं तपासण्यात गेली आहेत.

म्हणून आधी आमच्या खात्यातली गोष्ट. शाळेची इमारत बांधायची असली की आधी नकाशा होतो, मग अंदाजपत्रक, मग निविदा. निविदेत प्रत्येक बाब लिहिलेली असते. खोदाई इतकी, काँक्रीट इतकं, विटकाम इतकं. काम चालू असताना मुख्याध्यापक म्हणाले की मुलांच्या सायकलींना एक शेड हवी, तर ती निविदेत नव्हती. ती एक्स्ट्रा आयटम. तिची वेगळी मंजुरी, वेगळा दर, वेगळे पैसे, आणि त्यात काही वावगं नाही. पण ठेकेदाराने काँक्रीट टाकलं आणि त्यावर पाणी मारण्याचं बिल वेगळं लावलं, तर आम्ही ते कापतो. पाणी मारणं, म्हणजे क्युरिंग, हे काँक्रीटच्या दरातच आलं. त्यावाचून काँक्रीट हे काँक्रीटच नव्हे. ठेकेदार म्हणतो, "साहेब, पाणी मारायला माणसं वेगळी लावली होती, त्यांची हजेरी वेगळी आहे, बघून घ्या." हजेरी खरी असते. माणसं खरोखर वेगळी असतात. तरी बिल कापलं जातं. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि ज्यांना निविदेत रस नाही त्यांच्यासाठी पोहे. आपल्या इंदुरात पोह्यांच्या प्लेटवर शेव, कांदा, जिरावन आणि लिंबू असतंच. त्यावर उसळ घेतली तर जास्त पैसे द्यायला कुणी कुरकुरत नाही. पण उद्या कुणी ठेल्यावर कोरडे पोहे हातात ठेवून शेवेचे वेगळे पैसे मागितले, तर परवापासून त्या ठेल्यावर माशीसुद्धा बसणार नाही. वास्तविक शेव पोह्यांतच मोडते असा काही कायदा नाही. 'पूर्ण प्लेट' म्हणजे काय हे गावाच्या सवयीने ठरलेलं असतं, आणि विकणारा व घेणारा दोघंही ती सवय धरून चालतात.

गेमच्या धंद्यातही अशी सवय होती. एके काळी कार्ट्रिज किंवा डिस्कमध्ये जे भरलं तेच विकलं जायचं, नंतर त्यात भर घालण्याची सोयच नव्हती. फार तर संगणकावरच्या गेमचा जोडभाग वर्ष-सहा महिन्यांनी वेगळ्या डब्यात यायचा. कन्सोल इंटरनेटला जोडले गेले आणि ही सवय मोडायला लागली. एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डा कंपनीने 'द एल्डर स्क्रोल्स ४: ऑब्लिव्हियन' या गेममधल्या घोड्यासाठी चिलखत विकायला काढलं, किंमत अडीच डॉलर. मूळ गेम येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. जगभर हसं झालं. आजही 'घोड्याचं चिलखत' म्हटलं की जुने खेळाडू हसतात. आम्हाला मात्र त्यात फारसं गैर दिसत नाही. पोळ्याला बैलावर झूल घालायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. बैल विकताना झुलीची किंमत वेगळी सांगितली तर त्याला फसवणूक कोण म्हणेल? घोडा चिलखताशिवायही धावतच होता.

खरी कसोटी लागली सहा वर्षांनी. ६ मार्च २०१२ रोजी अमेरिकेत 'मास इफेक्ट ३' आला. बनवणारी कंपनी बायोवेअर, प्रकाशक इलेक्ट्रॉनिक आर्ट्स. गोष्ट थोडी सांगावी लागेल, ज्येष्ठांनी सांभाळून घ्यावं. या मालिकेत कथा अशी की दर पन्नास हजार वर्षांनी रीपर नावाची महाकाय यंत्रं अवकाशातून येतात आणि प्रगत झालेल्या सर्व जातींचा नायनाट करून जातात. मागच्या खेपेला ज्यांचा संहार झाला त्यांचं नाव प्रोथियन. पहिला भाग २००७ मध्ये आला, दुसरा २०१० मध्ये. दोन्हींत नायक कमांडर शेपर्ड या प्रोथियनांच्या अवशेषांच्या मागे फिरतो. त्यांनी ठेवलेल्या एका यंत्रातून त्याला पहिला इशारा मिळतो, तिथूनच सगळं सुरू होतं. हे लोक होते कसे, बोलायचे कसे, हरले कसे, हे खेळणाऱ्याच्या मनात पाच वर्षं घोळत असतं.

आणि तिसऱ्या भागात एक जिवंत प्रोथियन सापडतो. त्याचं नाव जाविक. पहिला भाग ज्या ग्रहावर सुरू झाला त्याच ईडन प्राइमवर तो पन्नास हजार वर्षं झोपलेला असतो. त्याला जागं करून आपल्या तुकडीत घेता येतं. फक्त तो साठ डॉलरच्या गेममध्ये नव्हता. तो होता 'फ्रॉम ॲशेस' नावाच्या वेगळ्या भरीत, आणि तिचे आणखी दहा डॉलर, त्याच पहिल्या दिवशी. ऐंशी डॉलरची विशेष आवृत्ती घेणाऱ्याला तो आपोआप मिळत होता. साधी आवृत्ती घेणाऱ्याला वेगळे पैसे मोजावे लागणार हे सर्वदूर कळलं ते फेब्रुवारीत, गेम यायला थोडे दिवस उरले असताना. तोवर कितीतरी लोकांनी आगाऊ नोंदणी केलेली होती.

आता कंपनीची बाजू, आणि ती नीट ऐकून घेण्यासारखी आहे. गेमचं मुख्य काम संपल्यावर तो लगेच दुकानात येत नाही. दोष काढायचे असतात, कन्सोल बनवणाऱ्या कंपनीकडून तपासणी करून मंजुरी घ्यायची असते, मग डिस्का छापायच्या, डबे भरायचे, देशोदेशी पाठवायचे. यात साधारण तीन महिने जातात असं बायोवेअरने सांगितलं होतं. या तीन महिन्यांत लेखक, चित्रकार, पातळ्या रचणारे लोक काय करणार? एक तर रिकामे बसणार, नाहीतर घरी जाणार. त्यापेक्षा त्यांना भरीच्या कामाला लावलं. भरीला डिस्क छापावी लागत नाही, तपासणीही लवकर होते, म्हणून ती गेमच्या बरोबरीने तयार झाली. काम वेगळं, वेळ वेगळा, पैसा वेगळा, तेव्हा किंमतही वेगळी.

खेळाडूंनी यावर शोधाशोध केली. डिस्कमधली एक फाइल थोडी बदलली की जाविक तुकडीत दिसायला लागतो असे व्हिडिओ निघाले. म्हणजे माल आमच्या डिस्कवरच आहे आणि कुलपाची किल्ली आम्हालाच विकता, असा गलका झाला. कंपनीने उत्तर दिलं की तो गेममध्ये नीट मिसळावा म्हणून त्याचा सांगाडा तेवढा डिस्कवर ठेवावा लागला, प्रत्यक्ष मोहीम आणि बाकी ऐवज सहाशे एमबीहून जास्त असून तो डाउनलोडच करावा लागतो.

आमच्या मते इथे दोन्ही पक्ष चुकीच्या मोजपट्टीने मोजत होते. खेळाडू म्हणतात, डिस्कवर आहे म्हणून आमचं. कंपनी म्हणते, नंतर केलं म्हणून आमचं. वस्तू कुठल्या पेटीत ठेवली होती आणि कुठल्या तारखेला घडवली यावरून ती कुणाची हे ठरत नाही. त्याच महिन्यात कॅपकॉम कंपनीचा 'स्ट्रीट फायटर एक्स टेकन' आला. त्याच्या डिस्कवर बारा लढवय्ये कुलूपबंद ठेवलेले होते, नंतर विकण्यासाठी. तिथेही आरडाओरडा झाला. पण मारामारीच्या खेळात समोरच्याने विकत घेतलेला लढवय्या तुमच्या पडद्यावर दिसायचा तर त्याची चित्रं तुमच्या मशीनमध्ये असावी लागतात, हे कंपनीचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. डिस्कवर असणं हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे. तसंच, नंतर केलेलं असणं ही निर्दोषपणाची सनद नव्हे. इथे आमचा पाणी मारणारा ठेकेदार आठवा. हजेरी खरी, माणसं वेगळी, तरी बिल कापलं. कारण आम्ही हजेरी बघत नाही, काय द्यायचं कबूल केलं होतं ते बघतो.

आता कुणी म्हणेल, गेमला कुठे निविदा असते? बरोबर. घेणाऱ्याच्या हातात नकाशा नसतो, बाबींची यादी नसते. त्याच्याकडे असतात जाहिराती, आणि मालिका असेल तर मागच्या भागांनी लावलेली ओढ. तीच त्याची निविदा. दोन भागांत प्रोथियनांचं कोडं घालून, तिन्ही भागांची मिळून एक कथा म्हणून विकायची, आणि कोड्याचा जिवंत माणूस तेवढा बिलाच्या बाहेर ठेवायचा, हे आम्हाला क्युरिंगचं बिल वाटतं. जाविकशिवाय गेम पूर्ण खेळता येतो हे मान्य. शेवटापर्यंत जाता येतं, कुठे अडत नाही. त्यामुळे याला फसवणूक म्हणायला आम्ही तयार नाही. पण वावगं जरूर म्हणू.

याला एक साक्षीदारही आहे. मे २०२१ मध्ये तिन्ही भाग सुधारून एकत्र विकायला आले, जवळपास सगळ्या भरींसकट, आणि जाविक त्यात आपोआप आला. आमच्या भाच्याने मालिका पहिल्यांदा खेळली ती याच आवृत्तीत. हा माणूस मुळात वेगळा विकत होते असं त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, काहीतरीच काय? मग त्या लोकांनी खेळलं काय?"

खर्च झाला म्हणून किंमत लावावीच लागते, हेही पूर्ण खरं नाही. याच गेमच्या शेवटावर लोक इतके नाराज झाले की जून २०१२ मध्ये कंपनीने शेवटाचा वाढवलेला भाग तयार करून दिला, आणि तो फुकट. त्यालाही लेखक लागले, आवाज देणारे लागले. कशाचे पैसे घ्यायचे आणि कशाचे नाही, हा शेवटी माणसांनी बसून घेतलेला निर्णय असतो.

याच कंपनीचा आणखी एक नमुना सांगतो, कारण तो आम्हाला जाविकपेक्षाही खटकतो. नोव्हेंबर २००९ मध्ये 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' आला. त्यात तुमच्या छावणीत एक माणूस येतो, आपल्या घराण्याची जुनी कर्मकहाणी सांगतो, मदत मागतो. तुम्ही हो म्हणालात की पडद्यावर खरेदीची खिडकी. ती मोहीम सात डॉलरची, पहिल्या दिवसापासूनची. आपल्याकडे कीर्तनात ताट फिरतं. पण ते आख्यान संपल्यावर, आरतीच्या वेळी, आणि ज्याला टाकायचे तो टाकतो. हरिश्चंद्राने तारामतीवर तलवार उचलली आणि बुवांनी चिपळ्या थांबवून "पुढचं ऐकायचं तर ताटात टाका" म्हटलं, तर श्रोते काय करतील? रक्कम किती हा प्रश्नच नाही. गोष्टीतल्या माणसाच्या तोंडून दुकानदार बोलायला लागला, हे वाईट.

आता आपल्या घराजवळ येऊ. आमच्या वसाहतीत पाच मुलं आहेत, आठवी ते बारावीतली. कन्सोल एकाच्याच घरी. मोठा नवा गेम आज आपल्याकडे चार-पाच हजाराला पडतो. मुलांनी रीतसर वर्गणी काढली, गणपतीची काढतात तशी. कुणी वाढदिवसाचे पैसे घातले, कुणी आजीकडून आणले, एकाने जुनी पुस्तकं विकली. आगाऊ नोंदणी केली, साधी आवृत्ती. गेमचं आणि कंपनीचं नाव आम्ही घेत नाही. गेम आला त्या संध्याकाळी पाचही जण टीव्हीसमोर बसले, आणि जाहिरातीत ज्याला सगळ्यात पुढे दाखवलं होतं तो योद्धा यादीत राखाडी रंगात, त्याच्यावर कुलूप. तो डिलक्स आवृत्तीत. नाहीतर वर हजारेक रुपये.

पुढे काय झालं ते अधिक महत्त्वाचं. कन्सोलवाल्या मुलाच्या वडिलांनी, पोरगं हिरमुसलं म्हणून, ती भर घेऊन दिली. त्यांचा हेतू चांगलाच. पण आता गेम पाच जणांच्या वर्गणीचा आणि योद्धा एकाच्या खात्यावरचा. तो म्हणायला लागला, योद्धा माझा, तुम्ही बाकीचे घ्या. आठवीतला एक मुलगा, त्याचे वडील खाजगी दुकानात कामाला आहेत, तो त्यानंतर खेळायला जाईनासा झाला. आईने कारण विचारलं तर म्हणे अभ्यास आहे. आठ दिवसांनी तिने आमच्या घरी येऊन विचारलं की हे एक हजार रुपये नेमके कशाचे होते? त्या बाईंना उत्तर देताना आम्हाला हा विषय पहिल्यांदा नुसता करमणुकीचा वाटेनासा झाला.

जुन्या पद्धतीत डिस्क पाच घरी फिरायची. आपल्याला ही गोष्ट नवी नाही. दिवाळी अंक एक घरी येतो आणि फाल्गुनापर्यंत सहा घरं हिंडून येतो, शब्दकोडं तेवढं पहिल्याने भरलेलं असतं. कंपन्यांना हे फिरणं फार खुपलं. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने डब्यात एकदाच चालणारा संकेतांक घालायला सुरुवात केली. नव्याने घेणाऱ्याला काही भाग फुकट, आणि तीच डिस्क दुसऱ्याच्या हाती गेली की त्याने वेगळे पैसे भरायचे. 'ऑनलाइन पास' म्हणून पुढे हेच ऑनलाइन खेळण्याला लावलं, आणि २०१३ मध्ये लोकांच्या नाराजीमुळे बंद केलं. पण आता बहुतेक गेम डिस्कशिवायच खात्यावर घेतले जातात, त्यामुळे फिरवण्याचा प्रश्न त्या पासाशिवायच संपत आला आहे. पहिल्या दिवशीच्या भरीवर बोलताना ही बाजू क्वचितच निघते. बाहेर प्रत्येकाचं कन्सोल वेगळं असेल. आपल्याकडे वर्गणी असते.

कंपन्यांच्या बाजूने एक मुद्दा मात्र आम्हाला खोडता येत नाही. अमेरिकेत मोठ्या गेमची किंमत २००५-०६ पासून साठ डॉलर होती, ती २०२० पर्यंत जवळपास तशीच राहिली. मग सत्तर झाली. या पंधरा वर्षांत गेम बनवायला लागणारी माणसं आणि वर्षं कितीतरी वाढली. आमच्या खात्याचा दरपत्रक ग्रंथ, ज्याला आम्ही एसओआर म्हणतो, तो तरी पंधरा वर्षं एका दरावर चालला असता का? एकाही ठेकेदाराने निविदा भरली नसती. तेव्हा मूळ किंमत स्थिर ठेवून हौशी गिऱ्हाईकाकडून भरीतून जास्त घ्यायचं, ही रीत तितकी दुष्ट नाही. उसळवाला जास्त देतो म्हणून साध्या पोह्याचा दर खाली राहतो. त्या आठवीतल्या मुलाला मूळ गेम परवडतो, त्याचं एक कारण डिलक्सवाले आहेत. हे मान्य केलंच पाहिजे, फक्त त्यासाठी साध्या प्लेटीवरची शेव काढून उसळीत घालता कामा नये.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने 'द विचर ३' मे २०१५ मध्ये आणला तेव्हा सोळा छोट्या भरी फुकट दिल्या. त्यानंतर दोन मोठ्या भरी विकल्या, पहिली त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आणि दुसरी मे २०१६ मध्ये. लोकांनी त्या आनंदाने घेतल्या. दुसरी भर तर एका स्वतंत्र गेमच्या तोलाची होती. ही सायकल शेड. मागणी आली, काम झालं, दर लावला, पैसे घेतले.

याउलट मार्च २०२४ मध्ये कॅपकॉमचा 'ड्रॅगन्स डॉग्मा २' आला आणि त्याच दिवशी स्टीम दुकानावर छोट्या छोट्या सोयींची यादी लागली. दूर अंतरावरून झटकन परत येण्याचा दगड, चेहरा बदलण्याची वस्तू, असल्या. हे सगळं खेळताना गेममध्येही मिळत होतं. न घेऊन काही अडत नव्हतं. तरी खेळाडू भडकले, नापसंतीच्या अभिप्रायांचा पाऊस पडला. वरवर पाहता भडकायचं कारण नव्हतं. पण त्या रागाचं मूळ आम्हाला कळतं. त्या गेममध्ये पायी लांब चालणं ही मुद्दाम केलेली रचना आहे, चालताना काहीबाही घडावं म्हणून. आता शेजारी प्रवासाचा दगड विकायला ठेवलात की खेळणाऱ्याच्या मनात येतं, वाट लांब केली ती खेळासाठी की दगड खपावा म्हणून? कंपनीने तसं केलं असं आम्ही म्हणत नाही. पण डॉक्टरांचंच औषधाचं दुकान खाली असलं की चिठ्ठीवरचं चौथं औषध आपण दोनदा वाचतो ना, तसं ते आहे. औषध योग्यही असेल. संशय आला की खेळाची अर्धी गंमत गेली, आणि ती कुठल्याही भरीतून परत विकत मिळत नाही.

कायद्याचं थोडक्यात. आम्ही वकील नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, आणि त्याखाली नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीतल्या तेरा फसव्या युक्त्यांची यादी काढली, तिला 'डार्क पॅटर्न्स' म्हणतात. किंमत आधी कमी दाखवून थेंबाथेंबाने वाढवणं, गिऱ्हाईकाच्या टोपलीत न विचारता वस्तू सरकवणं, खोटी घाई करायला लावणं हे त्यात येतं. गेमची भर पहिल्या दिवशी वेगळी विकली एवढ्याने या यादीत बसत नाही, तिची किंमत आणि ती वेगळी असल्याचं आधी स्पष्ट सांगितलं असेल तर. पैसे घेईपर्यंत सांगितलंच नसेल तर मात्र राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवून विचारायला हरकत नाही. फोन करायला पैसे पडत नाहीत.

म्हणजे आमच्या दृष्टीने कळीचा प्रश्न तारखेचा नाही, सांगण्याचा आहे. आगाऊ नोंदणी घेता त्या दिवशी, जाहिरातीत ज्याला पुढे उभं करता त्याच्या नावाखाली, तो कुठल्या आवृत्तीत आहे हे लिहा. ठेकेदाराला आम्ही निविदा भरण्याआधी नकाशा देतो, गिऱ्हाईकाला पैसे भरण्याआधी यादी मिळावी. यादी हातात असताना कुणी दहा डॉलर कमी-जास्त मोजले तर तो त्याचा व्यवहार.

मागून मघाशी एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. "काका, मग पहिल्या दिवशी घ्यायचाच नाही का?" आमचा सल्ला, नाही घ्यायचा. घ्यायचाच तर स्टीमवर त्या गेमच्या पानावर खाली भरींची यादी असते ती आधी वाचायची. तिथे खरेदीपासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात, हेही माहीत असू द्या. वर्षभर थांबलात तर बऱ्याच वेळा सगळ्या भरी घातलेली आवृत्ती कमी किमतीत येते. आता मला दिसतंय, खांबाजवळची मंडळी मान हलवते आहे. वर्षाने शाळेत त्या गेमबद्दल कोण बोलणार, हे तुमचं म्हणणं. ऑनलाइन खेळात तर वर्षाने समोर कुणी उरतही नाही. हे बरोबर आहे, आणि कंपन्यांनाही ते पक्कं माहीत आहे, म्हणूनच दुकान पहिल्या दिवशी मांडतात.

वसाहतीतल्या त्या पाच जणांनी पुढच्या गेमची वर्गणी सुरू केली आहे. या वेळी वही आमच्याकडे ठेवायला दिली. पहिल्या पानावर त्यांनी स्वतः लिहिलंय: कुठली आवृत्ती, त्यात कोण कोण येतं, कुणाच्या खात्यावर घ्यायचा, आणि वर काही घ्यायचं झालं तर पाचही जणांच्या सह्या. आठवीतल्या मुलाने आपले दीडशे रुपये परवा आणून दिले.

साडेआठ वाजले, आरतीची तयारी झालेली दिसते. कुणाला आणखी विचारायचं असेल तर प्रसादानंतर आम्ही बाहेर ओट्यावर आहोत.